मोहाखाली पुरलेला पाय

पाथरवाहीच्या कब्रस्तानात एक कबर जेमतेम दोन हात लांबीची होती. नवखा माणूस ती बघून हळहळायचा, कुणाचं लेकरू गेलं म्हणून विचारायचा. मग गावातलं कोणी तरी त्याला रस्त्यापलीकडच्या दुकानाकडे बोट दाखवायचं. तिथे स्टुलावर बसून मोटरची वाइंडिंग करणारा जो माणूस दिसतो, त्याचाच डावा पाय इथे आहे, असं सांगायचं. दुकानातला माणूस मान वर करून हसायचा. त्याचं नाव करामत शेख.

पाथरवाही राजुऱ्याच्या पुढे, तेलंगणाच्या अंगाला. खाली कोळसा, वर कापूस आणि सोयाबीन. करामत तरुणपणी जमिनीखालच्या एका खाणीत कामाला होता आणि त्याच्याच पाळीत गावचा देवाजी अलोणे होता. दोघं शाळेत एका बाकावर बसलेले, खाणीतही एकाच टोळीत. ब्याण्णव सालच्या उन्हाळ्यात कोळशाने भरलेला एक डबा रुळावरून सुटला आणि उतारावर करामतच्या पायावर आला. देवाजीने त्याला पाठीवर घेऊन वर आणलं. चंद्रपूरच्या दवाखान्यात डॉक्टरांनी पाय गुडघ्याखाली वीतभर ठेवून कापला. करामत तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा होता.

त्याचे वडील दाऊदमियाँ मोजकं बोलणारे. ते डॉक्टरांसमोर जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, पाय द्या. माणसाच्या देहाचा तुकडा असा टाकून देत नाहीत, तो मातीत ठेवायचा असतो, एवढंच त्यांना माहीत होतं. पांढऱ्या कापडात गुंडाळलेला तो पाय मांडीवर घेऊन ते एसटीत बसले. कंडक्टरने विचारलं, बाबा, कापडात काय आहे? त्यांनी खरं ते सांगितलं. कंडक्टरने पुढच्या सीटवरच्या दोन पोरांना उठवलं आणि दाऊदमियाँना तिथे ऐसपैस बसवलं. नुसत्या पायासाठी जनाज्याची नमाज होत नाही, म्हणून तीनचार माणसांनी मिळून तो नुसता पुरला. खूण राहावी म्हणून दाऊदमियाँनी जागा निवडली ती एका मोहाच्या रोपाशेजारची. रोप तेव्हा कमरेएवढं होतं.

पुढे करामत चंद्रपूरला राहून मोटर भरायला, म्हणजे जळलेली तार काढून नवी गुंडाळायला, शिकला. बसून करायचं काम, हात चालले की झालं. जयपूरचा पाय लावून तो चालायलाही लागला. वडील नंतर नागपूरला लेकीकडे गेले, तिकडेच वारले, तिकडेच मातीआड झाले. करामतचं लग्न सुगराबीशी झालं. बघायला गेले तेव्हा तिने सगळ्यांसमोर एकच प्रश्न विचारला होता, की ह्यांना जिना चढता येतो का. येतो म्हटल्यावर ती उठून चहा करायला गेली. त्यांना दोन मुली झाल्या. मोठी भद्रावतीला दिली, धाकटी राजुऱ्याच्या शाळेत शिकवते. जळलेल्या मोटरी घेऊन आजूबाजूच्या सात गावांचे शेतकरी करामतकडे यायचे, कारण त्याने भरलेली मोटर लवकर जळत नसे. एकंदरीत त्याचं बरं चाललं होतं आणि ते त्यालाही कळत होतं. पुष्कळ लोकांना तेवढंच कळत नाही.

ईदची नमाज झाली की सगळे आपापल्या माणसांच्या कबरींवर जात. करामतही जायचा. मेलेल्याला सलाम करायचा असतो, त्याच्यासाठी मागायचं असतं, पण पायासाठी काय मागायचं हे त्याला कधी सुचलं नाही. तो काठी टेकून घटकाभर उभा राहायचा. मात्र एक गोष्ट त्याने मनाशी पक्की केली होती आणि गावच्या मुसलमान जमातीच्या मंडळींकडून कबूलही करून घेतली होती. पायाशेजारची जागा त्याची. शेवटच्या दिवशी सूर, म्हणजे कयामतचं शिंग, फुंकलं जाईल, मातीतले सगळे उठतील, तेव्हा पाय हाताशी असला की शोधाशोध नको. लोक हसायचे. तोही हसायचा, पण जागा त्याने सोडली नाही.

मग गाव उठायची बातमी आली. उघड्या खाणीची हद्द वाढणार होती आणि पाथरवाही त्या हद्दीत येत होतं. राजुऱ्याच्या बाजूला, सहा किलोमीटरवर, नवीन गावासाठी जमीन आखली गेली. शाळा, विहार, देऊळ, मशीद, सगळ्याला जागा धरली होती. कब्रस्तानालाही होती. पण जुन्या कबरींचं काय करायचं, यावर जमातीची बैठक बसली. अठरा घरं, अठरा मतं. कोणी म्हणे मेलेल्याला हलवू नये, कोणी म्हणे उद्या इथे मशीन चालेल ते बघवणार नाही. शेवटी जाणत्यांना विचारून असं ठरलं, की ज्यांना न्यायचं आहे त्यांनी अदबीने न्यावं, ज्यांना नाही त्यांनी दुवा करून निघावं.

करामतने न्यायचं ठरवलं. फेब्रुवारीतल्या एका सकाळी तो कब्रस्तानात गेला. सोबत कुदळ-फावडं घेऊन देवाजी होता. एका पायाच्या माणसाने खड्डा खणायचा म्हणजे अवघडच, आणि हे काम दुसऱ्या कोणाला सांगणं देवाजीलाच पटलं नसतं. मोह आता एका माणसाच्या कवेत जेमतेम मावेल एवढा झाला होता. देवाजी हळूहळू खणत गेला. गुडघ्याएवढं झालं, कमरेएवढं झालं. पाय नव्हता. हाड नव्हतं, कापडाची चिंधी नव्हती. होती ती मुळं. मनगटाएवढी, बोटाएवढी, केसाएवढी, त्या दोन हातांच्या जागेत दाटीवाटीने गेलेली.

देवाजीने फावडं बाजूला ठेवलं आणि खड्ड्याच्या काठावर बसला. त्याने वर झाडाकडे बघितलं.

"करामत," तो म्हणाला, "पाय झाडानं खाल्ला."

"हाव. तसंच दिसून राह्यलं."

"आन् ह्या झाडाचे फुलं पंधरा वर्षं झाले शकू वेचून राह्यली."

हे खरं होतं. कब्रस्तानातला मोह मुसलमानांची घरं वेचत नसत, म्हणून जमातीने देवाजीची बायको शकुबाई हिला वेचायला परवानगी दिली होती. मोहाच्या फुलांची दारू काढतात, पण देवाजीच्या घरात दारूला बंदी. शकुबाई ती फुलं वाळवायची, भाजून कुटायची आणि तीळ-गूळ घालून लाडू करायची. तिच्या लाडवांचं गावात नाव होतं.

दोघांना आधी हसू आलं. देवाजी तर डोळे पुसेपर्यंत हसला. पण घरी येऊन शकुबाईला सांगितलं तेव्हा ती हसली नाही. तिने तोंडावर पदर घेतला आणि त्या दिवशी जेवली नाही. करामतने तिच्या दारात जाऊन सांगितलं, की बाई, झाडाचं फूल ते झाडाचं फूल, त्यात तुमचा काय दोष. तिचं समाधान झालं. त्याचं स्वतःचं मात्र झालं नाही. पाय जमिनीत आहे तोवर हिशेब सोपा होता. आता तो झाडात गेला, झाडातून फुलात, फुलातून देवाजीच्या पोटात, आणि देवाजीचं रक्तमांस त्यातूनच झालेलं. मग त्या दिवशी तो पाय उठणार कोणाचा? देवाजीचा म्हणून उठला तर आपण लंगडे, आणि आपला म्हणून उठला तर देवाजीतलं तेवढं कमी.

असा विचार करत बसला आणि एका मोटरच्या तारा उलट्या जोडल्या. मोटर फिरायची, पण उलटी, आणि विहिरीतून पाणी काही धड वर येईना. इतक्या वर्षांत असं झालं नव्हतं. मोटर देवाजीचीच होती, खाण सोडून तो केव्हाचा शेती करत होता. तो ती घेऊन परत आला, काउंटरवर ठेवली आणि म्हणाला, उद्या आपण चंद्रपूरले जाऊ, ज्याले समजते त्याले विचारू. सुगराबीने आतून सांगितलं, की जाच. घरात माणूस हरवल्यासारखा बसून राहतो, त्यापेक्षा विचारून आलेलं बरं.

चंद्रपुरात पठाणपुरा गेटाच्या आत मौलाना वजीहुद्दीन राहत होते. ऐंशी ओलांडलेले, एका डोळ्यात मोतीबिंदू. तरुणपणी दूर उत्तरेत राहून त्यांनी जुनी तर्काची आणि तत्त्वज्ञानाची पुस्तकं शिकली होती. परत येऊन ती शिकवायची त्यांची फार इच्छा होती, पण लोक त्यांच्याकडे यायचे ते तावीज मागायला, नाही तर मुलाचं नाव विचारायला. करामत आणि देवाजी त्यांच्या ओसरीवर बसले आणि करामतने खाणीतल्या डब्यापासून मोहाच्या मुळांपर्यंत सगळं सांगितलं. मौलाना डोळे मिटून ऐकत होते. ऐकता ऐकता त्यांचा चेहरा असा खुलला, की करामतला वाटलं आपलं काही चुकलं.

मौलाना उठले, आत जाऊन त्यांनी सुनेला चहा आणि पोहे करायला सांगितले, आणि परत येऊन बसले. देवाजी आहे म्हणून ते मराठीत बोलायला लागले. चंद्रपुरातच वाढलेले, मराठी त्यांची घरचीच होती.

त्यांनी सांगितलं, की हा सवाल हजार वर्षं जुना आहे. जुने लोक असं विचारायचे, की एका माणसाला दुसऱ्याने खाल्लं, तर कयामतच्या दिवशी ते मांस कोणाचं? आणि माणसाला जनावराने खाल्लं तर? आपल्या जिल्ह्यात तर हा नुसता पुस्तकातला सवाल नाही. वाघाने नेलेल्या माणसाचं जे सापडतं तेवढंच घरचे पुरतात नाही तर जाळतात, आणि राहिलेलं रानात हिंडत असतं.

मग त्यांनी बुखाऱ्याकडच्या एका हकिमाची गोष्ट काढली. फार मोठा वैद्य, हजारो लोकांची शरीरं तपासलेला. तो म्हणायचा, माणूस म्हणजे खरं तर त्याचा आत्मा. शरीर हे हत्यार. आत्मा मरत नाही, आणि त्याचं सुख नि दुःख शरीराच्या सुखदुःखाहून मोठं. शरीर परत उठेल हे बुद्धीने सिद्ध करता येत नाही, नबींनी, म्हणजे पैगंबरांनी, सांगितलं म्हणून मानायचं, असं तो उघडपणे म्हणे. एकांतात मात्र तो ह्याच सवालावर येऊन अडायचा. एकच माती कितीतरी देहांतून गेलेली, मग ती शेवटी द्यायची कोणाला?

"म्हणजे पाय कायमचा गेला," करामत म्हणाला.

मौलाना म्हणाले, थांबा. त्या हकिमानंतर साठसत्तर वर्षांनी खुरासानात एक आलिम, म्हणजे धर्मपंडित, झाला. तो हकिमाच्या लोकांवर फार चिडला. शरीर उठणार म्हणजे उठणारच, ज्याने पहिल्यांदा घडवलं त्याला दुसऱ्यांदा काय जड आहे, असं त्याचं म्हणणं. पण तो हुशार होता. त्याने सांगितलं, की तीच माती असेल, नाही तर दुसरी असेल, त्याने काही बिघडत नाही. लहानपणीचं तुझं शरीर आज कुठे आहे? ते खाण्यापिण्याने रोज बदलत गेलं. तरी तू तोच आहेस.

इथे करामतचा हात आपोआप वर झाला, शाळेत व्हायचा तसा. त्याने सांगितलं, की त्याच्याकडे एक मोटर आहे. गेल्या बावीस वर्षांत तिची तार चार वेळा बदलली, बेअरिंग किती बदलली आठवत नाही, मागच्या साली तडकली म्हणून वरची बॉडीही नवीन टाकली. तरी तिचा मालक दर वेळी दुकानात येऊन म्हणतो, माझी मोटर झाली का. आणि करामतलाही कधी वाटलं नाही की ही दुसरी मोटर आहे.

मौलाना खूप वेळ हसले. त्यांनी विचारलं, ती तीच मोटर आहे हे कशावरून? करामतने विचार करून सांगितलं, की त्याच विहिरीवर बसते, त्याच वावराले पाणी देते, म्हणून असन. मौलानांनी मान डोलावली. ते म्हणाले, हे त्या आलिमाला आवडलं असतं, पण त्याच्यानंतरच्या काही पंडितांना नाही. त्यांचं म्हणणं, माणसाचे काही मूळचे कण असतात, ते कोणाच्या पोटात गेले तरी त्याचे होत नाहीत, पाहुण्यासारखे राहतात आणि वेळ आली की निघतात.

"आन् तुम्ही कोणाचं मानता, मौलाना साहेब?" देवाजीने विचारलं.

चारशे वर्षांपूर्वी शिराजमध्ये आणखी एक झाला, मौलाना म्हणाले. त्याला पहिले सगळे पाठ होते. तो म्हणायचा, आत्मा इथून जाताना आपलं शरीर बरोबर नेतो, मातीचं नाही, केलेल्या कामांचं. जन्मभर जे केलं, जे मनात धरलं, त्याचंच तिथे शरीर होतं. आणि ते खोटं नसतं, इथल्याहून पक्कं असतं. "मी तरुण होतो तेव्हा मला हे सगळ्यात सुंदर वाटलं होतं. आता म्हातारा झालो. आता एवढंच म्हणतो की उठणं खरं आहे. कसं ते उठवणारा जाणे. पण एक सांग करामत, एकतीस वर्षं पाय नव्हता, तेव्हा तू कमी करामत होतास का?"

करामतने मनात मोजून पाहिलं. लग्न, दोन मुली, सात गावांच्या मोटरी, रोजच्या पाच नमाजा खुर्चीवर बसून. तो म्हणाला, "नाई. पुराच होतो."

"मग त्या दिवशीही पुराच असशील. ज्याला उठवायचं आहे तो तुझ्या पायाचा पत्ता विचारत फिरणार नाही."

पोहे आले. खाताना मौलानांनी सहज विचारलं, की त्या मोहाच्या लाडवांतला एखादा करामतच्या घरी कधी गेला होता का. दरवर्षी जातो, देवाजी म्हणाला, शकू आधी त्यायच्याच घरी डबा पाठवते, ह्याले लय आवडते. मौलानांच्या हातातला चमचा तसाच राहिला. म्हणजे थोडा पाय तर परत आला की, ते म्हणाले, आणि मग तिघंही इतके हसले की सून दारात येऊन बघून गेली.

जाताना मौलानांनी देवाजीला त्याचं मत विचारलं. देवाजी संकोचला. आमच्या बौद्धांत आत्मा मानत नाई, त्याने सांगितलं, केलेलं मागं उरते एवढं माहा बाप सांगे. मौलाना त्यावर वाद घालणार असं त्याला वाटलं होतं. त्यांनी फक्त विचारलं, की मग उरतं ते कोणाचं? आणि ह्याचं उत्तर पुढच्या वेळी घेऊन या म्हणाले. गाडीत देवाजी राजुऱ्यापर्यंत एकेक उत्तर करामतला सांगून बघत होता.

परत आल्यावर करामतने तो खड्डा बुजवला, म्हणजे देवाजीने बुजवला आणि त्याने वरची माती हाताने थोपटली. नवीन कब्रस्तानात काही न्यायचं नाही, असं त्याने जमातीला कळवलं. तिथली कोणतीही जागा चालेल, हेही सांगितलं. लोकांना आश्चर्य वाटलं. शकुबाईने त्या वर्षीही फुलं वेचली. शेवटचाच मोसम होता. तिने आधी करामतच्या घरी येऊन विचारलं, वेचू का म्हणून. सुगराबी म्हणाली, विचारता काय, मीही येते. दोघी पहाटे टोपल्या घेऊन गेल्या आणि ऊन चढायच्या आत परत आल्या.

पावसाळ्याआधी गाव हललं. नवीन गावात रस्ते सरळ होते, नळ होते, सावली मात्र कुठेच नव्हती. घरांच्या जागा यादीप्रमाणे निघाल्या आणि करामत नि देवाजी दोन टोकांना गेले. देवाजीने आठ दिवस खटपट करून एका कुणबी घराशी जागा बदलून घेतली, कारण त्या घरालाही आपल्या भावकीजवळ जायचं होतं. सगळ्यांचं भलं झालं. आता दोघांची दारं समोरासमोर आहेत. करामतच्या दुकानासमोर लोक पुन्हा मोटरी घेऊन बसायला लागले. नव्या गावात त्याला वाइंडिंगचं काम दुप्पट येतं, कारण नवीन बोअर पुष्कळ झालेत.

पहिल्याच थंडीत गावातली रहमतबी वारली, नव्वदीची. नवीन कब्रस्तान रिकामं होतं, त्या उघड्या माळावर म्हातारीला एकटीला ठेवायचं म्हणून तिचा लेक फार कष्टी झाला. बापाची कबर तिकडे राहिली, आई इकडे, आता दोघं भेटतील कसे, असं तो सारखं म्हणत होता. करामत त्याच्याजवळ जाऊन बसला. त्याने हकिमाचं सांगितलं नाही, आलिमाचंही नाही. स्वतःच्या पायाचं सांगितलं. लेकाने डोळे पुसले आणि उठून जनाज्याला खांदा दिला.

महिन्यातून एका रविवारी करामत आणि देवाजी अजूनही चंद्रपूरला जातात. मौलानांनी त्यांना रीतसर शिकवायला घेतलं आहे. पन्नास वर्षांनी त्यांना विद्यार्थी मिळाले, एक मोटर भरणारा आणि एक शेतकरी, आणि ते त्यांना तर्काची पहिली पायरी घोकायला लावतात. करामत वहीत लिहून घेतो. देवाजी कधी कधी बसल्या बसल्या पेंगतो, पण जागा झाला की नेमका अडचणीचा प्रश्न विचारतो. मागच्या खेपेला त्याने विचारलं, की माणसाचं समजलं, पण त्याचा तांबडा बैल सोळा वर्षं राबून गेला, त्याचं काय, तो उठणार की नाही?

मौलानांनी चष्मा काढून पुसला. ह्यावर मोठे मतभेद आहेत, ते म्हणाले, आणि सुनेला हाक मारून आणखी एक चहा सांगितला.